गर्भिणीचें केशहरण : निर्भय कोणतें, वर्ज्य कोणतें?

कांहीं प्रश्न असे असतात कीं, ते घरांतील बहुतेक प्रत्येक स्त्रीस केव्हांना केव्हां पडतात. परंतु मोठ्यानें विचारले मात्र जात नाहींत. गरोदरपणीं अंगावरील केस काढावे कीं न काढावे, आणि काढावयाचे तर कोणत्या रीतीनें, हा त्यांपैकींच एक होय. सासूबाईंस विचारावें तर संकोच. डॉक्टरांस विचारावें तर एवढ्याशा गोष्टीसाठीं त्यांचा वेळ कसा घ्यावा ही भीड. आणि मैत्रिणींस विचारावें तर दहा तोंडीं दहा उत्तरें. सारें आयुष्य शाळेंत घालविलेल्या आमच्यासारख्या वृद्धानें या विषयावर लेखणी उचलावी, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु ज्या प्रश्नाशीं एका गर्भिणीचें सुख आणि तिच्या पोटांतील जीवाचें क्षेम निगडित आहे, तो प्रश्न ग्राम्य म्हणून बाजूस सारणें हें सुशिक्षित कुटुंबास शोभणारें नव्हे, असें आमचें मत आहे.

केस वाढतात कां?

प्रत्येक केसास त्याचें त्याचें आयुष्य असतें. कांहीं काळ तो वाढतो, मग विसांवा घेतो, आणि शेवटीं गळून नव्या केसास जागा करून देतो. गर्भधारणा झाली म्हणजे रक्तांतील अंतःस्रावांचें, म्हणजे हार्मोन्सचें, प्रमाण पालटतें. त्यांपैकीं इस्ट्रोजेनमुळें केसांचा वाढीचा काळ लांबतो, म्हणून डोक्यावरील केस दाट दिसूं लागतात. पुरुषांत विशेषेंकरून आढळणारे अँड्रोजेन नांवाचे स्रावही या दिवसांत कांहींसे वाढतात. त्यामुळें वरच्या ओठावर, हनुवटीवर, पोटावर आणि हातापायांवर लव गडद होते. पोटावर लव आली म्हणजे मुलगाच होणार, हा शेजारणींचा सिद्धान्त निराधार आहे.

प्रसूतीनंतर दोन ते चार महिन्यांनीं डोक्याचे केस फणीबरोबर पुंजक्यांनीं येऊं लागले म्हणजे बाळंतीण घाबरून जाते. परंतु गरोदरपणीं जे केस गळावयाचे राहिले होते तेच आतां एकदम गळत असतात. बहुधा वर्षाच्या आंत सारें पूर्ववत् होतें. अंगावरील जादा लवही बहुतेकींच्या बाबतींत प्रसूतीनंतर सुमारें सहा महिन्यांत ओसरते. सारांश, ही लव निरुपद्रवी आहे, आणि ती न काढल्यानें मातेचें वा बाळाचें कांहींएक बिघडत नाहीं. अपवाद एवढाच कीं, थोड्याच आठवड्यांत राठ केस झपाट्यानें वाढूं लागले आणि आवाजही घोगरा झाला, तर केस काढण्याच्या खटपटींत न पडतां डॉक्टरांस दाखवावें. क्वचित् बीजकोशांत किंवा मूत्रपिंडांवरील ग्रंथींत उद्भवलेल्या गांठीचें तें लक्षण असूं शकतें.

शास्त्र काय म्हणतें?

'दिवस गेलेल्या बाईच्या अंगाला वस्तरा लागूं नये, तें शास्त्रांत नाहीं,' असें कित्येक घरांत वडीलधारीं माणसें सांगतात. निर्णयसिंधु उघडून पाहिल्यास तेथें वेगळाच प्रकार आढळतो. गर्भिणीपतीचे, म्हणजे गर्भवतीच्या नवऱ्याचे, नियम त्या ग्रंथांत दिले आहेत; आणि सातव्या महिन्यापासून वपन वर्ज्य करण्यास सांगितलें आहे तें त्याला! आजचे गर्भिणीपति रोज सकाळीं आरशापुढें उभे राहून गुळगुळीत दाढी करतात, त्यांस कोणी शास्त्र सांगत नाहीं. आणि नवऱ्यासाठीं घातलेला नियम बायकोच्या मागें लावला जातो. ज्यांस धर्मशास्त्राचा आधार हवा असेल, त्यांनीं निदान तो कोणास उद्देशून आहे हें पाहावें.

आयुर्वेदाकडे वळावें तर सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत व्रणोपचारांमध्यें केस काढण्याची कृति आली आहे. वस्तरा, कात्री आणि चिमटा हीं साधनें, आणि त्याखेरीज शंखचूर्ण दोन भाग व हरताळ एक भाग यांचा लेप, असें तेथें सांगितलें आहे. पहिलीं तीन साधनें आजच्या कसोटीसही उतरतात. लेप मात्र गर्भिणीस सर्वथा वर्ज्य होय. कारण हरताळ म्हणजे गंधक आणि आर्सेनिक, म्हणजे सोमलाच्या जातीचें विष, यांचें संयुग, आणि आर्सेनिक नाळेवाटे गर्भापर्यंत पोहोंचतें. आचार्यांनीं तो लेप जखमेजवळच्या केसांसाठीं दिला आहे, गर्भिणीच्या प्रसाधनासाठीं नव्हे, हेंही विसरूं नये. 'प्राचीन', 'नैसर्गिक', 'वनस्पतिजन्य' अशा चिठ्ठ्या लावून विकल्या जाणाऱ्या, परंतु घटकांची यादी नसलेल्या पुड्यांपासून गर्भिणीनें चार हात दूर राहावें, तें याच कारणासाठीं.

दोन कसोट्या

केस काढण्याचे उपाय अनेक आहेत व नित्य नवे निघत आहेत. त्या सर्वांस लावतां येतील अशा कसोट्या दोनच : या उपायानें कातडी फुटते काय? आणि लावलेलें द्रव्य अंगांत शिरून गर्भापर्यंत जाण्यासारखें आहे काय? दोन्हींचें उत्तर 'नाहीं' असें येईल तो उपाय निर्भय समजावा.

कात्रीनें केस बारीक कापणें हा या दृष्टीनें सर्वांत निर्धोक मार्ग. त्याखालोखाल वस्तरा किंवा सेफ्टी रेझर. त्यांत द्रव्याचा प्रश्न येत नाहीं; जपावयाचें तें कातडीस. कोमट पाण्यानें त्वचा मऊ करावी, साबणाचा फेंस लावावा, पातें नवें असावें, आणि केसांच्या कलानें हलक्या हातानें फिरवावें. एकत्र कुटुंबांतील न्हाणीघरांत पुष्कळदां एकच रेझर कोनाड्यांत पडलेला असतो व ज्यास लागेल तो उचलतो. ही संवय घातुक आहे. हिपॅटायटिस बी या यकृतरोगाचे विषाणु रक्ताच्या सूक्ष्म अंशावाटेही पसरतात, आणि आईस तो रोग असेल तर प्रसूतीच्या वेळीं बाळास होण्याचा मोठा धोका असतो. म्हणून गर्भिणीचा रेझर तिचा एकटीचाच असावा. रक्त पातळ ठेवण्याचीं इंजेक्शनें चालू असलेल्या स्त्रियांनीं कात्रीवरच भागवावें, हें उत्तम.

सहाव्या-सातव्या महिन्यानंतर पोट आड येतें, तोल सांवरत नाहीं, आणि न्हाणीघराची फरशी ओली असते. उभ्यानें वांकून पाय साफ करण्यांत केस काढण्यापेक्षां पडण्याचेंच भय अधिक. बैठकीवर नीट बसून काम करावें. जो भाग दिसत नाहीं तेथें पातें चालवूं नये. वस्तरा लावल्यानें केस राठ होतात ही समजूत मात्र सोडून द्यावी. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन विदुषीनें १९२८ सालीं प्रयोग करून दाखविलें कीं, केस कापल्यानें त्यांची जाडी वा वाढ बदलत नाहीं. कापलेलें टोंक बोथट असतें, म्हणून तें हातास खरखरीत लागतें, इतकेंच.

चिमट्यानें किंवा दोऱ्यानें भुवया व ओठ साफ करण्यास हरकत नाहीं. दोऱ्याचें एक टोंक दांतांत धरण्याची रीत मात्र अस्वच्छ आहे. दोरा मानेस अडकवूनही तें काम होतें, तसें करावयास सांगावें. मेणानें, म्हणजे वॅक्सिंगनें, केस उपटण्यांतही गर्भास अपाय नाहीं. परंतु या दिवसांत त्वचेंतील रक्तप्रवाह वाढलेला असल्यामुळें वेदना अधिक होतात व कातडी लवकर लाल होते. मेण कोमटच असावें. पायांवर फुगलेल्या निळ्या शिरा, ओरखडे किंवा पुरळ असेल तेथें तें लावूं नये. पांचव्या महिन्यानंतर फार वेळ उताणें निजूं नये, कारण गर्भाशयाचा भार पाठीकडील मोठ्या रक्तवाहिनीवर पडून चक्कर येते. डाव्या कुशीवर वळून काम करून घ्यावें.

क्रीम, लेसर आणि गोळ्या

केस विरघळविणाऱ्या क्रीममध्यें बहुधा थायोग्लायकोलेट जातीचा क्षार असतो. केस केराटिन नांवाच्या द्रव्याचा बनलेला असतो. हा क्षार त्यांतील गंधकाचे सांधे तोडतो, आणि केस मऊ होऊन पुसला जातो. परंतु कातडीचा वरचा थरही केराटिनाचाच! क्रीम अधिक वेळ राहिलें कीं कातडी भाजते ती यामुळें. अशा क्रीमनें गर्भास अपाय झाल्याचा पुरावा नाहीं. मात्र गर्भवतींवर त्याचीं स्वतंत्र परीक्षणेंही फारशीं झालेलीं नाहींत. तें वापरावयाचेंच असेल तर आदल्या दिवशीं हातावर थोडेंसें लावून पाहावें, वेष्टनावर दिलेली मिनिटें घड्याळांत मोजावीं, खिडकी उघडी ठेवावी, आणि गुह्य भागास व फुटलेल्या कातडीस तें लावूं नये.

आमच्या परिचयाच्या एका घरांत सातव्या महिन्याच्या डोहाळजेवणाच्या आदल्या रात्रीं सुनेनें घाईघाईनें क्रीम लावलें, आणि पाहुण्यांच्या गडबडींत तें दुप्पट वेळ राहिलें. दोन्ही पिंडऱ्या भाजल्या. 'असली थेरं कशाला हवीं होतीं?' असें कोणी म्हणेल या भीतीनें तिनें ब्र काढला नाहीं. सण होऊन गेला, सारींजणें तिची ओटी भरून तृप्त होऊन गेलीं. तिसऱ्या दिवशीं ताप भरला तेव्हां कळलें कीं जखमा चिघळल्या आहेत. उपचारानें मूल सुखरूप राहिलें, आई बरी झाली. भाजणें ही किरकोळ गोष्ट होती. पहिल्याच रात्रीं थंड पाण्याची धार धरली असती आणि सकाळीं डॉक्टरांस दाखविलें असतें तर तेवढ्यावरच भागलें असतें. गरोदरपणींचा ताप मात्र किरकोळ नसतो. त्या मुलीवर जें संकट ओढवलें तें क्रीमनें थोडें आणि मौनानें फार.

येथेंच एक सूचना करून ठेवितों. केस काढल्यावर थोडी खाज सुटते ती एकदोन दिवसांत शमते. परंतु पुरळ नसतां तळहात व तळपाय खाजूं लागले, आणि विशेषतः रात्रीं खाज वाढली, तर तिचा दोष वस्तऱ्यास देऊं नये. गरोदरपणींच्या एका यकृतविकाराचें तें लक्षण असूं शकतें. त्याच दिवशीं डॉक्टरांस सांगावें.

लेसर आणि विजेच्या सुईचे उपाय बाळंतपणानंतरच करावे. गर्भास त्यांनीं अपाय होतो असें सिद्ध झालेलें नाहीं. पण निर्धोक ठरविण्याइतकीं परीक्षणेंही नाहींत. शिवाय या काळांत त्वचा काळवंडण्याकडे कल असतो, म्हणून लेसरनें डाग पडण्याचा संभव अधिक. आणि जी लव आपोआप जावयाची तिच्यासाठीं हजारों रुपये कां वेंचावे? केस कमी करण्यासाठीं ज्या स्त्रिया स्पायरोनोलॅक्टोन किंवा फिनॅस्टेराइड यांसारख्या गोळ्या घेत असतील, त्यांनीं मात्र मूल होऊं देण्याचा विचार ठरतांच तें डॉक्टरांस सांगावें. पुरुषगर्भाच्या अवयवांच्या घडणीस या औषधांनीं धोका पोहोंचतो. म्हणून गर्भिणीस तीं वर्ज्य आहेत.

सूतिकागृहाची तयारी

अनेक स्त्रिया शेवटच्या आठवड्यांत धडपडून गुह्य भागाचे केस काढतात, कारण 'इस्पितळांत लागतें' अशी समजूत. पूर्वीं तशी वहिवाट होती खरी. केसांमुळें जंतुसंसर्ग होतो असें मानीत. परंतु १९२२ सालापासून वेळोवेळीं झालेल्या परीक्षणांत केस काढलेल्या व न काढलेल्या स्त्रियांच्या संसर्गांत फरक असल्याचें सिद्ध झालें नाहीं. उलट केस पुन्हां उगवतांना आग व खाज मात्र सोसावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालच्या प्रसूतिविषयक मार्गदर्शनांत स्वाभाविक प्रसूतीपूर्वीं सरसकट केस काढूं नयेत असें स्पष्ट म्हटलें आहे. शस्त्रक्रियेसंबंधींही तिचें २०१६ सालचें मत असें कीं, केस शक्यतों काढूंच नयेत, आवश्यकच असेल तर यंत्रकात्रीनें कापावे, पण वस्तरा लावूं नये. कारण उघड आहे. वस्तऱ्यानें डोळ्यांस न दिसणारे ओरखडे पडतात, आणि त्यांत जंतु वाढतात. तेव्हां सिझेरियनची तारीख ठरली असेल तरी घरीं पोटावर वस्तरा फिरवूं नये. काय करावयाचें तें इस्पितळांतील लोक पाहतील. 'केस न काढल्यास आंत घेत नाहींत' अशा सांगीव गोष्टींवर विश्वास न ठेवतां, आठव्या महिन्यांतच तेथें तोंडानें विचारून घ्यावें.

घरांतल्या मंडळींस

केस काढावे कीं ठेवावे, हा निर्णय त्या स्त्रीचा आहे. ज्या मुलीस वाढलेली लव पाहून खिन्न वाटतें तिला हिणवूं नये. जिला त्याचें कांहींच वाटत नाहीं तिला समारंभासाठीं पार्लरांत ओढून नेऊं नये. नवऱ्यानें एक नवा रेझर व कात्री आणून तीं तिच्या एकटीच्या म्हणून वेगळीं ठेवावीं, आणि पायापर्यंत तिचा हात पोहोंचेनासा झाला म्हणजे मदत करण्यांत कमीपणा मानूं नये. सासूबाईंनीं किंवा वडील जाऊबाईंनीं एके दिवशीं आपणहून विषय काढावा; नुसतें 'कांहीं लागलें, भाजलें, खाजलें तर त्याच दिवशीं मला सांग हो,' एवढें म्हटलें तरी पुष्कळ होईल. प्रस्तुत लेख वाचून झाल्यावर हा अंक आपल्या घरांतील गर्भवती लेकी-सुनेच्या हातीं द्यावा, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.