एकोणीस एकांची मूळ संख्या

देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अभ्यासिलेल्या डेम्लो संख्यांत १२१, १२३२१, १२३४३२१ या संख्यांचा समावेश होतो. त्या अनुक्रमे ११, १११ व ११११ यांचे वर्ग होत. या वर्गांची रचना पाहताक्षणीच ध्यानात येते; परंतु त्यांची वर्गमुळे, म्हणजे केवळ १ या अंकाने बनलेल्या संख्या, यांपैकी मूळ कोणत्या हे ठरविणे सोपे नाही. प्रस्तुत टिपणात १९ एकांच्या संख्येचा विचार केला आहे.

न एकांच्या संख्येस ए(न) म्हणू. न संयुक्त असल्यास ए(न) ही संयुक्तच असते; उदाहरणार्थ, ए(६) ला ए(२) व ए(३) या दोहोंनी भाग जातो. याचा व्यत्यास मात्र खरा नाही: ए(३) = ३ × ३७, ए(५) = ४१ × २७१, ए(७) = २३९ × ४६४९. ए(२) नंतरची मूळ संख्या एकदम ए(१९) ही येते. त्यापुढे ए(२३), ए(३१७) व ए(१०३१).

ए(१९) चे वर्गमूळ सुमारे १०५ कोटी आहे. तिचा कोणताही मूळ अवयव ३८क + १ याच रूपाचा असला पाहिजे. तरीही तपासावयाचे भाजक सुमारे २ कोटी ७७ लाख उरतात. फर्माच्या प्रमेयाची कसोटी १० हा पाया घेऊन लावणे व्यर्थ होय. कारण न ही ५ हून मोठी मूळ संख्या असता ए(न) – १ ला न ने भाग जातो, व म्हणून ए(न) संयुक्त असली तरी ती या कसोटीस उतरते. ए(७) हे त्याचे उदाहरण.

खरा मार्ग ए(१९) – १ = १० × ए(१८) या साध्या समीकरणातून निघतो. १८ ही संयुक्त संख्या असल्यामुळे ए(१८) चे अवयव सहज पडतात:

ए(१८) = ३ × ३ × ७ × ११ × १३ × १९ × ३७ × ५२५७९ × ३३३६६७.

यांतील शेवटच्या दोन मूळ अवयवांचा गुणाकार १७५४ कोटींहून अधिक, म्हणजे ए(१९) च्या वर्गमुळापेक्षा बराच मोठा आहे. आता पॉकलिंग्टन यांचे १९१४ सालचे प्रमेय लागू पडते. अ या संख्येच्या ए(१९) – १ व्या घातास ए(१९) ने भागिले असता बाकी १ उरावी. आणि त्या घातांकास वरील दोहोंपैकी प्रत्येक अवयवाने भागून मिळणाऱ्या घातातून १ वजा केल्यास येणारी संख्या ए(१९) शी सापेक्ष मूळ असावी. असा अ सापडल्यास ए(१९) च्या प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा केले असता बाकीस त्या दोन्ही अवयवांनी भाग गेलाच पाहिजे. अर्थात तो अवयव वर्गमुळाहून मोठा ठरतो, आणि म्हणून ए(१९) मूळ ठरते. २ कोटींहून अधिक भागाकारांचे काम अशा रीतीने मोजक्या घातगणनांवर येते.

येथे एका संख्येचे मूळत्व तिच्या आधीच्या संख्येच्या संयुक्तपणातून सिद्ध होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. या पद्धतीची मर्यादाही तीच: न मोठा झाला की ए(न – १) चे पुरेसे अवयव हाती लागत नाहीत. म्हणूनच ए(४९०८१) चे मूळत्व २०२२ साली सिद्ध झाले ते विवृत्तीय वक्रांच्या साहाय्याने.

ए(१९) चा आणखी एक विशेष असा: तिचा व्यस्त दशांशात मांडल्यास १८ शून्ये व एक ९ असे १९ अंकांचे आवर्तन मिळते, आणि एवढ्याच लांबीचे आवर्तन देणारी दुसरी मूळ संख्या नाही. अशा मूळ संख्या अनंत आहेत किंवा कसे, हे मात्र अद्याप कोणासही सिद्ध करता आलेले नाही.