आभाळाला टांगलेली गाडी

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारात सकाळपासून टेम्पोंची रीघ लागते. जवळच्या येडगावहून, कुकडी नदीवरच्या धरणाच्या बाजूने माल घेऊन निघालेल्या अशाच एका टेम्पोत आम्ही एकदा चालकाशेजारी बसलो होतो. मागे टोमॅटोने भरलेले क्रेट होते, प्रत्येकी सुमारे वीस किलोचे. रस्ता खडबडीत होता, तरी प्रवास सुसह्य झाला. दुपारी त्याच टेम्पोने, त्याच रस्त्याने, त्याच वेगाने परतलो; मात्र या वेळी मागचे रिकामे क्रेट खडखडत होते आणि आमचे डोके टपाला लागत होते. चालक हसून म्हणाला, "साहेब, पोटात माल असला की गाडी शहाणी असते. रिकामी झाली की नाचते."

हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. पण रिकामी गाडी का नाचते, हे आपण वर्गात विचारतो का? या एका प्रश्नाचा माग काढत गेलो, तर हूकच्या नियमापासून आजच्या अतिमहागड्या गाड्यांच्या 'सक्रिय सस्पेन्शन'पर्यंत पोचता येते. त्यासाठी फार लांब जायलाही नको. नारायणगावचा टोमॅटो ज्या पुणे–नाशिक रस्त्याने जातो, त्याच रस्त्यावर चाकण आहे. तिथे २००९ पासून मर्सिडीज-बेंझचा कारखाना आहे. टाटा मोटर्सने २००८ साली विकत घेतलेल्या जग्वार लँड रोव्हरच्या रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट या गाड्यांची जुळणीही पुण्यात करण्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले.

स्प्रिंगचे गणित

स्प्रिंगला वजन टांगले की ती ताणली जाते. हा ताण 'त' मीटर असेल, तर त्या वजनाच्या एका आंदोलनाला लागणारा काळ २π√(त/ग) सेकंद असतो. 'ग' म्हणजे गुरुत्वत्वरण, ९.८. गंमत अशी की सूत्रात वस्तुमान स्वतंत्रपणे येतच नाही. फक्त स्प्रिंग किती ताणली गेली (किंवा दबली) एवढेच पुरते. पंचवीस सेंटिमीटर ताण असेल, तर एका आंदोलनाला जवळजवळ बरोबर एक सेकंद लागतो. वर्गात करून पाहण्याजोगा हा प्रयोग आहे. वीस आंदोलने मोजावीत आणि सरासरी काढावी.

आता आपल्या टेम्पोकडे वळू. समजा, रिकामा असताना मागचे पाटे अडीच सेंटिमीटर दबलेले असतात. सूत्रानुसार टेम्पोची स्वतःची वारंवारता सेकंदाला ३.१५ आंदोलने येते. पाट्यांवरचे ओझे चौपट झाले, तर ते दहा सेंटिमीटर दबतील आणि वारंवारता निम्मी, म्हणजे १.५८ होईल.

यात रस्ता मिसळू. रस्त्यावर दर दोन मीटरला एक उंचवटा आहे आणि टेम्पोचा वेग ताशी २३ किलोमीटर आहे असे धरा. म्हणजे चाकांना सेकंदाला सुमारे ३.१५ धक्के बसतील. रिकाम्या टेम्पोची स्वतःची वारंवारता नेमकी हीच! झोपाळ्याला योग्य क्षणी झोका देत राहिल्यावर तो जसा चढत जातो, तसा टेम्पो उसळू लागतो. यालाच आपण अनुस्पंदन म्हणतो. भरलेल्या टेम्पोच्या बाबतीत धक्क्यांची वारंवारता त्याच्या स्वतःच्या वारंवारतेच्या दुप्पट आहे. अवमंदन सोडून गणित केले, तर उंचवट्याचा फक्त तिसरा हिस्सा वर पोचतो. चालकाच्या वाक्याचा अर्थ हा असा आहे.

वजन टांगलेली स्प्रिंग हातात धरून हे विद्यार्थ्यांना दाखवता येते. हात अगदी सावकाश वरखाली केला, तर वजन हाताबरोबर फिरते. त्याच्या स्वतःच्या लयीत हलवला, तर वजन हाताबाहेर जाते. हात भरभर हलवला, तर वजन जवळजवळ स्थिर राहते. चांगल्या सस्पेन्शनने ही तिसरी अवस्था साधायची असते.

मग स्प्रिंग मऊच का नको?

गाडीची स्वतःची वारंवारता जितकी कमी, तितके अधिक धक्के या तिसऱ्या अवस्थेत जातील. म्हणून मोटारींच्या स्प्रिंगा साधारण सेकंदाला एक ते दीड आंदोलन होईल इतक्या मऊ ठेवतात. आपल्या चालण्याची लयही याच्या आसपास असते. बसलेल्या माणसाचे शरीर सेकंदाला चार ते आठ वरखाली कंपनांनी सर्वांत जास्त त्रासते; पोट आणि पाठीचा कणा तेव्हा जणू स्वतःच स्प्रिंगसारखे वागतात. दुसऱ्या टोकाला, पाच सेकंदांत एखादे आंदोलन इतक्या संथ झुलण्याने मळमळते. बोट लागते ती यामुळेच. तेव्हा वाटेल तितके मऊपण हे सुख नव्हेच.

शिवाय मऊ स्प्रिंगवरची गाडी वळणावर झुकते. माळशेज घाटात उंच गाडीतून जाताना हे जाणवते. उंच, जड आणि तरीही वेगवान अशा गाड्यांची खरी अडचण हीच आहे. रेंज रोव्हर स्पोर्टसारख्या गाडीचे वजन अडीच टनांच्या आसपास असते आणि गुरुत्वमध्य लहान मोटारीपेक्षा बराच वर असतो. ती वळणावर झुकू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी एक जाड पोलादी कांब बसवतात. कांब जाड केली की झुकणे कमी होते. पण एकच चाक खड्ड्यात गेले, तरी त्याचा हिसका पलीकडच्या बाजूलाही जातो.

शॉक ॲब्सॉर्बरचीही हीच कथा. त्यातले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाताना आंदोलनाची ऊर्जा उष्णतेत जाते. तो नसता, तर एका खड्ड्यानंतर गाडी कितीतरी वेळ डुलत राहिली असती. पण तो फार कडक केला, तर वेगवान धक्के थेट वर पोचवतो. फार ढिला केला, तर चाकच सेकंदाला दहा-बारा वेळा उड्या मारू लागते आणि रस्त्यावरची पकड सुटते. आराम, पकड आणि ओझे या तिघांचे एकाच वेळी समाधान करणारी स्प्रिंग नाही. कारखान्यात एकदा तडजोड ठरली की गाडी जन्मभर तीच पाळते.

आभाळाचा आधार

ही तडजोड मोडण्याची एक सुंदर कल्पना १९७४ साली अमेरिकेतले अभियंते डीन कार्नोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. त्यांचा विचार साधा होता. शॉक ॲब्सॉर्बरचे खालचे टोक चाकाला जोडलेले असते आणि चाक तर सतत हलते. तेच टोक न हलणाऱ्या आभाळाला बांधता आले तर? गाडीचा सांगाडा वर जाऊ लागला की तो त्याला खाली ओढील, खाली जाऊ लागला की वर रोखील. चाकाला मात्र हवे तसे हलू देईल.

आभाळाला खुंटी नाही, हे खरे. पण तसा परिणाम साधण्याची युक्ती आहे. सांगाडा वर जात आहे आणि चाकापासून दूरही जात आहे, अशा वेळी शॉक ॲब्सॉर्बर सांगाड्याला खाली खेचतो. हे आपल्याला हवेच आहे, म्हणून तो कडक करावा. सांगाडा वर जात आहे, पण चाक त्याहून वेगाने वर येत आहे, अशा वेळी तोच शॉक ॲब्सॉर्बर सांगाड्याला आणखी वर ढकलतो. हे नको आहे, म्हणून तो ढिला करावा. संवेदकांनी सांगाड्याचे व चाकाचे वेग मोजायचे आणि सेकंदाला शेकडो वेळा हा निर्णय घ्यायचा. याला अर्धसक्रिय सस्पेन्शन म्हणतात. ते फक्त विरोध कमी-जास्त करते, स्वतः जोर लावत नाही. त्यामुळे त्याला ऊर्जा थोडीच लागते.

कडक-ढिले करण्यासाठी विजेवर चालणारी झडप वापरतात. दुसरा मार्ग अधिक मौजेचा आहे. तेलात लोखंडाचे सूक्ष्म कण मिसळले आणि चुंबकीय क्षेत्र लावले, की ते काही मिलिसेकंदांत घट्ट होते. असे शॉक ॲब्सॉर्बर २००२ साली कॅडिलॅक मोटारीत आले. थोड्या गोडेतेलात लोखंडाचा कीस कालवून बशीखाली चुंबक धरला, तर याची झलक वर्गातही दिसते.

डोक्यावर हंडा घेतलेली बाई

पूर्ण सक्रिय सस्पेन्शन याच्या पुढे जाते. ते चाकाला स्वतःहून खाली ढकलते किंवा वर उचलते. याची उत्तम प्रतिमा आपल्या गावांत आहे. भरलेला हंडा डोक्यावर घेऊन खडकाळ वाटेने येणारी बाई पाहा. तिची नजर दोन पावले पुढे असते. दगड आला की गुडघा आधीच वाकतो, मान तोल सावरते आणि पाणी हिंदकळत नाही. डोळा, मेंदू आणि स्नायू असे तिन्ही इथे लागतात. नुसती स्प्रिंग पुरत नाही.

शर्यतीच्या मोटारींनी हे यंत्रात आणले. १९९२ साली नायजेल मॅन्सेल ज्या विल्यम्स मोटारीवर फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद जिंकले, तिला सक्रिय सस्पेन्शन होते. १९९४ पासून शर्यतीत त्यावर बंदी आली. पुढे १९९९ साली मर्सिडीजने तेलाच्या दाबावर चालणारी अशी व्यवस्था रस्त्यावरच्या मोटारीत दिली आणि २०१३ साली पुढचा रस्ता पाहणारा कॅमेराही जोडला. २०१८ मध्ये दाखवलेल्या जीएलई या उंच गाडीसाठी त्यांनी प्रत्येक चाकाला ४८ व्होल्टच्या विजेवर चालणारा स्वतंत्र पंप देऊ केला. अशी गाडी वळणावर सायकलस्वारासारखी आतल्या बाजूला झुकू शकते. २०२३ च्या रेंज रोव्हर स्पोर्ट एसव्हीने वेगळी वाट धरली. चारही शॉक ॲब्सॉर्बर तेलाच्या नळ्यांनी एकमेकांना जोडले आणि ती पोलादी कांब काढूनच टाकली.

टोमॅटोचे काय?

इतकी बुद्धी आणि पैसा काही थोड्या प्रवाशांच्या पाठीसाठी खर्ची पडतो, हे खटकते खरे. पण धक्का सर्वांनाच बसतो. टेम्पोचा हौदा ९.८ पेक्षा जास्त त्वरणाने खाली गेला, की वरच्या क्रेटातला टोमॅटो अधांतरी राहतो आणि पुढच्याच क्षणी आदळतो. सेकंदाला तीन आंदोलने असतील, तर त्यासाठी पावणेतीन सेंटिमीटरची उसळी पुरते. एकच आंदोलन असेल, तर पंचवीस सेंटिमीटर लागते. टोमॅटो डागाळला की भाव पडतो. शेतकऱ्याच्या घामाचा हिशेब असा वारंवारतेत दडलेला असतो. रुग्णवाहिकेतला जखमी, सहा आसनीत बसलेली गरोदर स्त्री आणि रोज दहा तास स्टिअरिंगवर बसणारा चालक यांनाही हेच गणित लागू आहे.

सुदैवाने सगळ्याच उपायांना संगणक लागत नाही. पोलादी पाट्यांच्या जागी हवेची स्प्रिंग घाला. ओझे वाढले की एक साधी झडप आणखी हवा भरते आणि गाडीची उंची तीच राखते. हवेचा दाब ओझ्याच्या प्रमाणात वाढतो, त्याबरोबर स्प्रिंगचा ताठपणाही वाढतो; म्हणून रिकामी असो वा भरलेली, गाडीची वारंवारता जवळजवळ तीच राहते. २००१ पासून आपल्याकडे आलेल्या व्होल्वो बसगाड्या याच स्प्रिंगांवर धावल्या. महागड्या बसमध्ये आलेली गोष्ट रुग्णवाहिकेत आणि मालाच्या टेम्पोत येण्यात विज्ञानाची आडकाठी नाही. आडकाठी किमतीची आणि आपण काय मागतो याची आहे.

पुढच्या वेळी विद्यार्थ्यांना एसटीच्या मागच्या बाकावर बसवा आणि गाडी रिकामी असताना व भरलेली असताना ती सेकंदाला किती वेळा डुलते, ते मोजायला सांगा. घड्याळ आणि वही एवढेच साहित्य लागेल.