हाडाचा कर्करोग : टप्पा कसा ठरतो?

फुटबॉल खेळताना मार लागला असेल, असे समजून कुमारवयीन मुलाच्या गुडघेदुखीकडे अनेकदा दुर्लक्ष होते. मात्र सूज ओसरत नाही, रात्री वेदना वाढतात आणि एक्स-रेमध्ये हाडाची रचना बिघडलेली दिसते. निदान कर्करोगाचे झाले की कुटुंबीयांचा पहिला प्रश्न असतो, ‘कितवी स्टेज?’ त्याचे उत्तर कोणत्याही एका चाचणीतून मिळत नाही.

येथे विचार हाडातच उद्भवणाऱ्या कर्करोगाचा आहे. स्तन किंवा प्रोस्टेटचा कर्करोग हाडात पसरला, तर त्याचा टप्पा मूळ अवयवाच्या निकषांनुसारच ठरतो.

डॉक्टर तीन गोष्टी तपासतात. पहिली, पेशींची आक्रमकता. बायोप्सीत काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ‘ग्रेड’ ठरवली जाते. दुसरी, गाठीचा आकार व हाडातील व्याप्ती; त्यासाठी संपूर्ण हाडाचा एमआरआय करतात. तिसरी, अन्यत्र झालेला प्रसार. हा रोग बहुधा प्रथम फुप्फुसांत पसरतो, म्हणून छातीचा सीटी स्कॅन आणि इतर हाडांसाठी बोन स्कॅन किंवा पेट स्कॅन आवश्यक ठरतो.

प्रचलित टीएनएम पद्धतीत कमी आक्रमक व न पसरलेली गाठ पहिल्या टप्प्यात येते. अधिक आक्रमक गाठ लहान असली तरी दुसऱ्या टप्प्यात गणली जाते. हातापायांच्या हाडांत ८ सेंटीमीटर ही ‘अ’ आणि ‘ब’ या उपटप्प्यांमधील सीमारेषा असते. एकाच हाडात आक्रमक रोगाच्या वेगवेगळ्या गाठी आढळल्यास तिसरा, तर फुप्फुसांत किंवा अन्यत्र प्रसार झाल्यास चौथा टप्पा मानतात. अमेरिकी अस्थिशल्यविशारद विल्यम एनेकिंग यांनी १९८० मध्ये मांडलेल्या पद्धतीत मात्र तीनच टप्पे असून प्रसार झालेला रोग तिसऱ्या टप्प्यात येतो. त्यामुळे अहवालातील आकडा कोणत्या पद्धतीचा आहे, हे विचारून घ्यावे.

तपासण्यांचा क्रमही महत्त्वाचा असतो. बायोप्सीनंतरच्या सुजेमुळे व रक्तस्रावामुळे एमआरआयचे चित्र अस्पष्ट होऊ शकते, म्हणून एमआरआय आधी करतात. बायोप्सीची सुई ज्या मार्गाने जाते, तेथे कर्कपेशी सांडण्याचा धोका असतो. तो मार्ग पुढील शस्त्रक्रियेत गाठीसह काढता यावा लागतो. चुकीच्या जागी घेतलेल्या बायोप्सीमुळे पाय वाचवणे अवघड होऊ शकते. म्हणूनच जेथे शस्त्रक्रिया होणार, त्याच केंद्रात किंवा तेथील शल्यविशारदांच्या सल्ल्याने बायोप्सी करणे श्रेयस्कर असते.

टप्पा म्हणजे रुग्णाचे भवितव्य नव्हे. तो उपचारांची दिशा ठरवणारा आधार आहे. ऑस्टिओसार्कोमा फुप्फुसांत पसरला असला, तरी तेथील गाठी शस्त्रक्रियेने पूर्णपणे काढता येण्याजोग्या असतील, तर केमोथेरपीच्या जोडीने काही रुग्ण पूर्ण बरे होऊ शकतात.