तुकडा तपासायला का घ्यावा लागतो?

‘डॉक्टर, सिटी स्कॅन झालाय. त्यात कॅन्सरची गाठ दिसतेय म्हणून लिहिलंय. मग आता तुकडा कशाला काढायचा? तुकडा काढला की पसरतो म्हणतात.’ सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी कानावर पडते. बोलणारा शिकलेला असतो, न शिकलेलाही असतो. प्रत्येकाच्या ओळखीत असे कोणीतरी असते, ज्याचा तुकडा काढला आणि दोन-चार महिन्यांत तो गेला. वास्तविक अशा बहुतेक रुग्णांचा आजार तपासणीआधीच पसरलेला असतो, तपासणीने तो फक्त उघडकीला येतो. पण घरच्यांच्या मनात ‘सुई लावली आणि माणूस गेला’ एवढाच क्रम राहतो. या भीतीपायी कित्येक रुग्ण महिना-दोन महिने घरी बसतात किंवा झाडपाल्याच्या मागे लागतात. कॅन्सरमध्ये हे दोन महिने फार महाग पडतात.

म्हणून फोटो काय सांगतो आणि तुकडा काय सांगतो, हे नीट समजून घेऊ.

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि शरीर न कापता आत डोकावण्याची सोय झाली. आज आपल्या हाताशी बरीच यंत्रे आहेत. एक्स-रे आणि सिटी स्कॅन घनता दाखवतात, म्हणजे किरण कुठे जास्त अडले आणि कुठे कमी. सोनोग्राफीत ध्वनिलहरी आदळून परत येतात, त्यावरून गाठ पाण्याची की भरीव ते कळते. एमआरआय चुंबकाच्या साहाय्याने शरीरातल्या पाण्याच्या कणांकडून चित्र मिळवतो. त्यात क्ष-किरण नसतात. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी खूण लावलेली साखर शिरेतून देतात. ज्या पेशी ती जास्त खातात, त्या चित्रात चमकतात.

यातले एकही यंत्र पेशी पाहत नाही. गाठ कुठे आहे, किती मोठी आहे, शेजारच्या रक्तवाहिनीला चिकटली आहे का, यकृतात किंवा हाडात आणखी काही आहे का, हे यंत्रे उत्तम सांगतात. गाठ कशाची आहे याचा ती अंदाज बांधतात. हा अंदाज अनेकदा बरोबर ठरतो, पण तो अंदाजच असतो.

आपल्या देशात हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे, याचे कारण क्षयरोग. फुप्फुसाच्या वरच्या भागातला डाग टीबीचा असू शकतो आणि कॅन्सरचाही. पेट स्कॅनमध्ये टीबीच्या गाठीही चमकतात, कारण सूज असलेल्या पेशीही साखर जास्त खातात. पोटाच्या टीबीत पोटात पाणी होते आणि सीए-१२५ ही रक्तातली खूणही वाढते. मग तो आजार थेट अंडाशयाच्या कॅन्सरसारखा भासतो. उलटही घडते. डाग पाहून टीबीची औषधे सुरू होतात, रुग्ण चार-सहा महिने गोळ्या खातो आणि शेवटी ती कॅन्सरची गाठ निघते. मानेतली गाठ हे आणखी एक उदाहरण. ती टीबीची असेल तर गोळ्यांनी बरी होते. लिम्फोमा असेल तर केमोथेरपी लागते. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरमधून तिथे आलेली असेल तर शस्त्रक्रिया आणि रेडिएशनचा विचार करावा लागतो. स्कॅनवर तिन्ही गाठी एकसारख्या दिसू शकतात, उपचार मात्र तीन वेगळे.

रेडिओलॉजिस्टला हे पक्के ठाऊक असते. म्हणून त्याच्या रिपोर्टात ‘संशयास्पद’, ‘शक्यता वाटते’, ‘बायोप्सीने खात्री करावी’ असे शब्द असतात. तो टाळाटाळ करत नाही, चित्रावरून जेवढे म्हणता येते तेवढेच म्हणतो. स्तनाच्या मॅमोग्राफीत ‘बायरॅड्स’ नावाचे वर्गीकरण वापरतात. त्यात ३ क्रमांक आला तर कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांहून जास्त नसते. ५ क्रमांकात ती ९५ टक्के किंवा त्याहून अधिक असते. मधला ४ क्रमांक म्हणजे २ पासून ९५ टक्क्यांपर्यंत काहीही! हा आकडा वाचून रात्रभर जागण्यात अर्थ नाही आणि रिपोर्ट कपाटात ठेवून देण्यातही नाही. तुकडा तपासा, एवढाच त्याचा अर्थ.

तुकडा घेण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. बारीक सुईने काही पेशी ओढून काचेवर पसरवतात, ती एफएनएसी. जरा जाड सुईने गाठीचा पेन्सिलच्या शिशाएवढा बारीक तुकडा घेतात, ती कोअर बायोप्सी. पहिलीत सुट्या पेशी दिसतात, दुसरीत पेशींची मांडणीही दिसते. कॅन्सरच्या निदानात ही मांडणी मोलाची असते. गाठ खोलवर असेल तर सोनोग्राफी किंवा सिटी स्कॅनवर पाहत सुई नेमकी तिथे नेतात. म्हणजे फोटो आणि तुकडा एकमेकांचे काम पुढे नेतात.

तुकडा फॉर्मेलिनमध्ये टिकवतात, मेणात बसवून त्याचा ब्लॉक करतात आणि त्यातून साधारण ४ मायक्रॉन जाडीचे काप काढतात. माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही हे काप पातळ असतात. मग ते निळ्या-गुलाबी रंगात रंगवून पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. पुढे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री ही खास रंगांची तपासणी होते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हार्मोनच्या गोळ्या चालतील का, हर-२ विरोधी इंजेक्शन लागेल का, हे त्यातून ठरते. फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये जनुकीय बदल सापडला तर रोजच्या गोळीने उपचार करता येतात. हे कोणताही स्कॅन सांगू शकत नाही. रिपोर्टाला काही दिवस लागतात ते यासाठी.

आता ‘पसरतो’ या भीतीबद्दल. सुईच्या वाटेवर काही पेशी पडणे अशक्य नाही, पण त्यातून नवी गाठ तयार होणे विरळा. स्तनाच्या सुई बायोप्सीमुळे रुग्णाचे आयुष्य घटते, असे दिसून आलेले नाही. जिथे धोका थोडा जास्त असतो, तिथले नियम डॉक्टरांना माहीत असतात. अंडकोषाच्या गाठीत वरून सुई घालत नाहीत. अंडाशयातच मर्यादित वाटणारी संशयास्पद गाठ सुईने फोडत नाहीत. हाडाच्या कॅन्सरमध्ये सुईचा मार्ग शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला विचारून ठरवतात. लिव्हर सिऱ्होसिस असलेल्या रुग्णाच्या यकृतातल्या गाठीचे ठरावीक चित्र सिटी किंवा एमआरआयवर दिसले, तर तुकड्याशिवायही निदान मान्य केले जाते. तेव्हा ‘सुई नको’ हा निर्णयही शास्त्राने घ्यायचा असतो, शेजाऱ्याच्या सल्ल्याने नव्हे.

रुग्णाने आणि घरच्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

शरीरातून काढलेली प्रत्येक गाठ तपासणीला गेलीच पाहिजे. ‘साधी गाठ होती, काढून टाकली’ असे सांगत रुग्ण वर्षभराने तिथेच पुन्हा उगवलेली गाठ घेऊन येतात आणि पहिल्या गाठीचा रिपोर्टच नसतो. तुकडा प्रयोगशाळेत पोहोचवण्याचे काम तुमच्याकडे दिले, तर तो फॉर्मेलिनमध्येच आहे ना, हे विचारा. सलाइनमध्ये किंवा कोरड्या बाटलीत तो खराब होतो.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर बायोप्सीआधी सांगा. स्वतःच्या मनाने ती बंद करू नका. मानेत किंवा काखेत गाठी असताना तपासणीआधी स्टेरॉइड घेऊ नका. लिम्फोमाची गाठ त्याने तात्पुरती बसते आणि निदान अवघड होते.

दुसऱ्या रुग्णालयात जायचे असेल तर नुसता कागद नेऊ नका. काचपट्ट्या, मेणाचा ब्लॉक आणि जुन्या फिल्मही मागून घ्या. त्याच ब्लॉकवरून पुन्हा तपासणी करता येते आणि दुसऱ्यांदा तुकडा काढणे बऱ्याचदा टळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कॅन्सरच्या उपचारांची मंजुरी घेतानाही बायोप्सीचा रिपोर्ट लागतो.

आणि एक. रिपोर्टात ‘कॅन्सर नाही’ असे आले, पण स्कॅनवर गाठ जोरदार संशयास्पद आहे, असेही होते. सुई गाठीच्या कडेला लागली असेल किंवा तुकडा अपुरा असेल. अशा वेळी डॉक्टर पुन्हा बायोप्सी सांगतात. ते ऐकून चिडू नका. चित्र आणि तुकडा यांचा मेळ बसेपर्यंत निदान पूर्ण होत नाही, आणि निदान पूर्ण झाल्याशिवाय केमोथेरपीचा पहिला थेंब देणेही योग्य नाही.