गाण्यातले खडे

खर्रर्र... खट्... खर्रर्र... खट्... खट्...

घाबरू नका, दारावर कुणी आलेलं नाही. शंभर वर्षांची एक जुनी तबकडी वाजायला लागलीय. जरा कान द्या. त्या खरखरीच्या पलीकडून, नदीच्या दुसऱ्या काठावरून आल्यासारखं, कुणीतरी गातंय. आलं ऐकू?

आता सांगा, आजीला तांदूळ निवडताना पाहिलंय ना? ताटात तांदूळ पसरायचे, खडा दिसला की बोटानं बाजूला सारायचा. मग सुपात घेऊन पाखडायचे, की कोंडा भुर्र! जुनी गाणी साफ करणारी माणसं हेच काम करतात. फक्त त्यांचे खडे डोळ्यांना दिसत नाहीत, कानांना टोचतात.

पण गाण्यात खडे शिरतात कुठून? त्यासाठी तबकडी हातात घ्यायला हवी. सांभाळून हं, पडली तर काचेसारखी फुटेल. ही तबकडी लाखेची आहे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर इवलेसे किडे बनवतात, तीच लाख. तिच्यात दगडाची बारीक पूड कालवलेली असते. भिंगातून पाहिलंत तर कडेपासून आतपर्यंत गोल गोल फिरत गेलेली एक खाच दिसेल. नीट बघा, ती घाटातल्या रस्त्यासारखी नागमोडी आहे. ही वळणं म्हणजेच गाणं! सुई वळणांवरून धावताना थरथरते, त्या थरथरीचा आवाज होतो. दगडाची पूड सुईला घासते, म्हणून खर्रर्र. मध्ये ओरखडा आला, की खट्! तबकडी मिनिटाला साधारण ७८ वेळा फिरते. मधल्या वर्तुळापासून कडेपर्यंत एकच ओरखडा पडलेला असला, तरी मिनिटाला ७८ वेळा खट्!

खाचेत धूळही बसलेली असते, म्हणून तबकडीला आधी आंघोळ. शुद्ध पाणी, मऊ ब्रश आणि हलका हात. स्पिरिट मात्र चुकूनही लावायचं नाही. सुतारकाका पॉलिश करताना लाख कशात विरघळवतात? स्पिरिटमध्येच! म्हणजे तबकडी पुसायला गेलो आणि गाणंच पुसून बसलो, असं व्हायचं.

मग गाणं कॉम्प्युटरमध्ये जातं. तिथे एका सेकंदाच्या आवाजाचे ४४,१०० ठिपके होतात. ठिपके जोडले की डोंगररांगेसारखी रेघ दिसते. गाण्याचे डोंगर कसे, चढत उतरत जातात. पण ‘खट्’ म्हणजे मध्येच उभा राहिलेला विजेचा खांब! तो सेकंदाचा हजारावा भाग टिकला, तर त्यानं ४४ ठिपके बिघडवलेले असतात. कॉम्प्युटर ते ठिपके काढून टाकतो आणि आजूबाजूची रेघ पाहून भोक रफू करतो. आईनं शर्ट रफू केल्यावर कुठे फाटला होता ते सापडत नाही ना, तसं.

खडे गेले, राहिला कोंडा, म्हणजे ती सततची खरखर. गाणं सुरू होण्याआधी सुई थोडा वेळ नुसतीच धावते. तेवढा तुकडा कॉम्प्युटरला ऐकवायचा आणि सांगायचं, ‘बाबा रे, हा कोंडा. असा जिथे दिसेल तिथे कमी कर.’

इथेच खरी गंमत आहे, आणि धोकाही. जरा ‘स्स्स्स’ म्हणून बघा. आता ‘श्श्श्श’. हे तर खरखरीसारखंच वाजतंय! कॉम्प्युटरलाही तसंच वाटतं. हाव धरून सगळी खरखर काढायला गेलं, तर गाणाऱ्याचे ‘स’ आणि ‘श’ही सुपाबाहेर उडतात. उरलेला आवाज पाण्याखालून बोलल्यासारखा बुळबुळीत होतो. मला विचाराल तर थोडी खरखर राहिलेली बरी.

काय ठेवायचं हे ठरवणं सोपं नसतं. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांची गाणी तबकडीवर उतरली. गाणं संपताच त्या इंग्रजीत चक्क स्वतःचं नाव सांगायच्या! तबकड्या छापल्या जायच्या दूर जर्मनीत, आणि गाणं कुणाचं ते तिथे कळायला हवं. ते काही गाणं नव्हे. पण ते कापावंसं वाटेल का तुम्हाला? मला तर गाण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा हवा असतो.

आणखी एक भानगड म्हणजे वेग. तबकडी मिनिटाला साडेचार फेऱ्या जास्त फिरली, तर काळी एकमधलं गाणं पांढरी दोनमध्ये जातं आणि गाणारे आजोबा जरा तरुण होतात!

याहून मोठी फसगत एकदा झाली. पॅरिसमधल्या स्कॉट नावाच्या माणसानं १८६० मध्ये काजळी धरलेल्या कागदावर आवाजाची रेघ काढली होती. आवाज टिपून परत ऐकवणाऱ्या एडिसनच्या फोनोग्राफच्या १७ वर्षं आधी! त्याला आवाज फक्त डोळ्यांनी बघायचा होता. २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ती रेघ कॉम्प्युटरवर वाजवली, तर एक मुलगी फ्रेंच लोकगीत गाताना ऐकू आली. सगळे हरखून गेले. पण स्कॉटनं शेजारीच ठरावीक वेगानं थरथरणाऱ्या नादकाट्याचीही रेघ काढून ठेवली होती. तिचा हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा कळलं की आपण दुप्पट वेगानं वाजवतोय. वेग निम्मा केला आणि मुलीचा झाला बाप्या! सावकाश, एकेक सूर लावत गाणारा. बहुधा स्कॉट स्वतःच.

तुम्हालाही करून बघायचंय? पंखा जोरात लावा आणि कॉम्प्युटरवर आवाज टिपायला सुरुवात करा. पहिले पाच सेकंद गप्प बसा, मग एखादी कविता म्हणा. ऑडॅसिटी नावाच्या मोफत प्रोग्रॅमला त्या पाच सेकंदांतला पंखा ओळखायला शिकवा आणि कमी करायला सांगा. त्यात आणखी एक सोय आहे, काढून टाकलेला कचरा तेवढा ऐकायची. आजी नाही का, पाखडून झाल्यावर खाली पडलेल्या कोंड्यात दाणा गेला का ते चाचपून बघते? तसा तो कचरा ऐका. नुसता पंखा ऐकू आला, तर शाबास! पण त्यात तुमचा एखादा ‘स’ कुजबुजताना सापडला, तर परत मागे जा आणि जरा हलक्या हातानं पाखडा.