वसंतातील ब्रिटिश दिनविशेष आणि दोन पंचांगे

ब्रिटनच्या इतिहासातील वसंत ऋतूचे, म्हणजे साधारणतः मार्च ते मे या महिन्यांतील दिनविशेष वाचताना तारीख कोणत्या कालगणनेतील आहे हे आधी पाहावे लागते. कारण १७५२ पर्यंत तेथे जुने ज्युलियन पंचांग चालू होते आणि इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष १७५१ पर्यंत १ जानेवारीऐवजी २५ मार्चला सुरू होत असे. ‘लेडी डे’ म्हणून ओळखला जाणारा हा दिवस देवदूताने मेरीला येशूच्या जन्माची वार्ता दिली त्या प्रसंगाचा सण होता, आणि जमिनीचे खंड व भाडी चुकती करण्याच्या वर्षातील चार ठरावीक दिवसांतही त्याची गणना होई.

या व्यवस्थेतील गुंतागुंत पहिल्या एलिझाबेथ राणीच्या मृत्युतिथीत पुरती उतरली आहे. २४ मार्चला, वर्ष उलटण्याच्या आदल्याच दिवशी तिचे निधन झाले, म्हणून इंग्लंडच्या दफ्तरी ते साल १६०२ होते. स्कॉटलंडने १६०० पासून १ जानेवारीचा वर्षारंभ स्वीकारला असल्याने तिचा वारस सहावा जेम्स याच्या राज्यात त्याच दिवशी १६०३ चालू होते, तर ग्रेगोरियन पंचांग मानणाऱ्या पॅरिसमध्ये ३ एप्रिल उजाडली होती. आजचे इतिहासकार दिवस जुना ठेवून साल तेवढे नव्या पद्धतीने लिहितात.

२३ एप्रिलचीही गत अशीच आहे. १६१६ मध्ये शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिस एकाच दिवशी वारले असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात शेक्सपिअरचा २३ एप्रिल स्पेनच्या पंचांगाने ३ मे ठरतो. युनेस्कोने १९९५ मध्ये जागतिक ग्रंथदिनासाठी निवडलेल्या तारखेमागे हा योगायोग असला, तरी खुद्द ब्रिटनमध्ये मुलांचा ग्रंथदिन मार्चमध्ये साजरा होतो, हे विशेष.

अखेर लॉर्ड चेस्टरफील्ड यांच्या पुढाकाराने संमत झालेल्या कायद्यामुळे १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. वगळलेले अकरा दिवस परत मागण्यासाठी लोकांनी दंगली केल्याची कथा प्रसिद्ध असली, तरी तिला समकालीन पुरावा मिळत नाही. २५ मार्चमध्ये ते अकरा दिवस मिळवले की ५ एप्रिल येतो. ब्रिटनचे वैयक्तिक करवर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होते ते यामुळेच, आणि उरलेल्या एका दिवसाच्या स्पष्टीकरणाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत.

स्मरणदिन मात्र या हिशेबाने सरकवले गेले नाहीत. १७४६ मध्ये कलोडेनच्या माळावर ड्यूक ऑफ कंबरलंडच्या सैन्याने चार्ल्स एडवर्ड स्ट्युअर्टच्या जॅकोबाइट फौजेचा, म्हणजे पदच्युत स्ट्युअर्ट घराण्याच्या समर्थकांचा, तासाभराच्या आत मोड केला, तो दिवस नव्या पंचांगाप्रमाणे २७ एप्रिल असला, तरी तेथील स्मृतिसोहळा आजही जुन्या तारखेला, १६ एप्रिलला धरूनच होतो.