‘रेंज’ : डोंगरातली, खिशातली आणि रिपोर्टमधली

ज्यांचा ऑडिओ मध्येच गोल गोल फिरत बसतो त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे ही लिखित प्रत. आज तर ती हवीच, कारण आजचा शब्द आहे ‘रेंज’.

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो.

कॉलेज संपलं होतं आणि मी गावी होतो. आमची वाडी भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या पाण्याच्या मागे, वेळवंडीच्या खोऱ्यात. घरात रेंज नाही. देवळामागे एक कातळ आहे, तिथं चढून पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं की एक काडी येते, कधी दोन. आमच्याकडचे सगळे महत्त्वाचे फोन त्या कातळावरूनच होतात. सोयरीक, दवाखाना, कर्जाचा हप्ता, सगळं.

माझा पहिला फोन इंटरव्ह्यू पण तिथूनच. पंधरा मिनिटं बरं चाललं होतं. मग पलीकडच्या मॅडमनी विचारलं, ‘सो, व्हॉट्स युअर रेंज?’

मी फोन कानापासून लांब धरला, काड्या बघितल्या आणि प्रामाणिकपणे सांगितलं, ‘व्हेरी पुअर, मॅडम. ओन्ली वन.’

पलीकडे शांतता. मग त्या हळूच म्हणाल्या, ‘वन लॅख?’ मी म्हणालो, ‘नो मॅडम, वन काडी.’ आणि तेवढ्यात ती काडी पण गेली.

त्यांनी विचारलं होतं की पगाराची अपेक्षा कितीपासून कितीपर्यंत आहे. पुन्हा फोन लागेपर्यंत वीस मिनिटं गेली, त्यांचा पुढचा उमेदवार सुरू झाला होता. नोकरी त्या एका शब्दामुळेच गेली असं मी म्हणणार नाही, तयारी पण कमीच होती. पण त्या दिवसापासून हा शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही.

मूळ अर्थ काय?

‘रेंज’ इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून. तिथं मुळात अर्थ होता ओळ, रांग. ‘अरेंज’ म्हणजे ओळीत लावणं आणि ‘रँक’ म्हणजे ओळीतली जागा, हे दोन्ही त्याच घराण्यातले शब्द. म्हणून डोंगरांच्या ओळीला इंग्रजीत ‘माउंटन रेंज’ म्हणतात आणि आपण म्हणतो पर्वतरांग. रांग आणि रेंज कानाला सारखे वाटतात, पण तेवढ्यावरून त्यांचं नातं जोडू नका. अर्थ मात्र इथं अगदी जुळतो.

पुढे ओळीचा अर्थ पसरला. ओळ कुठून सुरू होते, कुठं संपते? मग त्यावरून ‘इथपासून तिथपर्यंत’ हा अर्थ आला. एवढं एक सूत्र लक्षात ठेवा : रेंज म्हणजे ‘कुठून कुठपर्यंत’. बाकीचे सगळे अर्थ यातूनच निघतात.

१. मोबाइलची रेंज

आपल्याकडे सगळ्यात जास्त वापर हाच. आणि मराठीने या शब्दाला पूर्ण घरचं करून घेतलंय. रेंज ‘येते’, ‘जाते’, ‘मिळते’, फोन ती ‘पकडतो’. बघा, ती स्त्रीलिंगी झाली, अगदी लाइटसारखी. लाइट पण येते आणि जाते. ज्या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत, त्यांचं व्याकरण सारखं झालं! काही जण ‘टॉवर येईना’ असंही म्हणतात. आणि फोनमधली रेकॉर्डेड बाई म्हणते, ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. ते खरं तर छान मराठी आहे, पण बोलताना कोणी म्हणत नाही.

गंमत अशी की इंग्रजी मातृभाषा असलेली माणसं इथं बहुधा ‘रेंज’ म्हणत नाहीत. ते म्हणतात ‘नो सिग्नल’, ‘नो नेटवर्क’, ‘नो कव्हरेज’. म्हणून इंटरव्ह्यूत सांगायचं झालं तर ‘द सिग्नल इज वीक हिअर’ असं सांगा. माझ्यासारखं नको.

आता प्रश्न : आमच्याकडे रेंज का नाही? उत्तर मजेशीर आहे. रेंज नाही, कारण मध्ये रेंज आहे! म्हणजे सह्याद्रीची रांग. मोबाइलच्या रेडिओ लहरी बऱ्याचशा सरळ जातात. टॉवर आणि फोन यांच्यामध्ये डोंगराची सोंड आली की पलीकडे सावली पडते, उन्हाची पडते तशीच. जुन्या टूजी तंत्रात एका टॉवरचा कमाल पल्ला साधारण ३५ किलोमीटर धरलेला होता, पण तो मोकळ्या मैदानात. खोऱ्यात दोन किलोमीटरवर टॉवर असला तरी फोन मुका राहू शकतो.

त्यात लहरी पण दोन स्वभावाच्या. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि अडथळ्याच्या कडेने थोड्या वळतातही. ३५०० मेगाहर्ट्झच्या फाइव्हजी लहरी डेटा भरपूर वाहतात, पण लवकर थकतात. म्हणून जाहिरातीत फाइव्हजी आणि वाडीत टूजी, हा प्रकार होतो.

तुम्ही वेल्ह्याकडे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात ट्रेकला गेला असाल तर बघितलं असेल, की पायथ्याच्या गावात फोन बंद, आणि गडावर गेल्यावर धडाधड मेसेज येतात. कारण उंचावरून लांबचे टॉवर ‘दिसतात’. गडांचं पण असंच आहे. स्वच्छ हवेत राजगडावरून तोरणा दिसतो, सिंहगड दिसतो, पुरंदर दिसतो. इशारा द्यायचा तर समोरचा दिसायला हवा, हा नियम तेव्हाही होता.

*तीन कामाच्या गोष्टी.* पहिली : काड्यांवर फार विश्वास ठेवू नका. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी स्वतः ठरवते. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’, मग सिम स्टेटस, तिथं उणे आकडा दिसतो. फोरजीला तो उणे ९० च्या आसपास असेल तर काम छान चालतं. उणे ११५ च्या पलीकडे गेला की आवाज तुटायला लागतो. आणि हे आकडे साधे नाहीत हं, उणे ९० आणि उणे ११० यांत सिग्नलच्या ताकदीचा फरक शंभरपट असतो.

दुसरी : काड्या भरलेल्या, तरी नेट चालत नाही? महाशिवरात्रीला नसरापूरच्या बनेश्वरला जाऊन बघा. टॉवर तोच, माणसं हजारो. काड्या सांगतात टॉवर किती ऐकू येतोय, तो किती मोकळा आहे ते नाही सांगत.

तिसरी, आणि ही खरंच लक्षात ठेवा : फोनवर ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ असं दिसलं तर ‘रेंज नाही’ म्हणून फोन खिशात टाकू नका. याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की तुमच्या कंपनीची रेंज नाही, पण दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीची आहे. अशा वेळी ११२ लावून बघा. तो फोन दुसऱ्याच्या टॉवरवरून जाऊ शकतो. घाटात गाडी घसरली, साप चावला, अशा वेळी हे माहीत असणं म्हणजे जीव वाचणं.

२. खिशाची रेंज

भोरच्या बाजारपेठेत साडीच्या किंवा मोबाइलच्या दुकानात जा. पहिला प्रश्न, ‘कुठल्या रेंजमधलं दाखवू?’ इथं रेंज म्हणजे किंमत, इतक्यापासून इतक्यापर्यंत. आमचे बाबा याचं उत्तर कधीच देत नाहीत. ‘आधी दाखव, मग बघू,’ म्हणतात. कारण रेंज सांगितली की दुकानदार तिच्या वरच्या टोकापासूनच सुरू करतो.

पगाराचंही तेच. तुम्ही सांगितलं, ‘पंधरा ते वीस हजार’, तर समोरच्याला ऐकू येतं फक्त ‘पंधरा’. म्हणून पगाराची रेंज सांगताना खालचा आकडा असा ठेवा, जो मिळाला तरी तुम्हाला वाईट वाटणार नाही. हे शहाणपण मला कातळावर मिळालं नाही, नंतर मिळालं.

यातूनच मग ‘ते आपल्या रेंजच्या बाहेरचं आहे’ आणि भांडणातलं ‘आपल्या रेंजमध्ये राहायचं!’ हे आलं. इथं मराठीत किती शब्द आहेत बघा : ऐपत, कुवत, आवाका. ऐपत पैशाची, कुवत ताकदीची, आवाका समजेचा. रेंज एकच शब्द तिन्हीकडे वापरतो, म्हणून सोपा वाटतो. पण नेमकं बोलायचं असेल तर जुने तिघं जास्त कामाचे.

३. पल्ला आणि टप्पा

तोफेची, बंदुकीची, क्षेपणास्त्राची रेंज म्हणजे पल्ला. आणि ‘इन रेंज’ला तर आपल्याकडे झकास शब्द आहे : टप्प्यात. ‘टप्प्यात आला की बघतो त्याला’ हे निवडणुकीच्या दिवसांत पारावर बसलं की ऐकू येतंच.

हल्ली पल्ल्याचा नवा वापर आहे इलेक्ट्रिक स्कूटरचा. शोरूममधला मुलगा सांगतो, ‘रेंज शंभर किलोमीटर.’ भोर ते पुणे पन्नास-पंचावन्न किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन बसतं, असा हिशेब करून कोणी निघालं तर परतीला ढकलत यायची वेळ येईल. जाहिरातीतला आकडा ठरावीक चाचणीतला असतो. मागे माणूस बसला, चढ लागला, वेग वाढवला की पल्ला घटतो. भोरहून महाडकडे वरंध घाटाने जाणार असाल तर आणखीच सांभाळून.

४. साहेबांची रेंज

जंगलात लाकूड तोडताना कोणी ओरडतं, ‘रेंजर आला!’ हा रेंजर म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी. ‘फॉरेस्ट रेंज’ म्हणजे वनपरिक्षेत्र, त्याच्या ताब्यातला जंगलाचा तुकडा इथपासून तिथपर्यंत. पोलिसांतही आहे. आपलं पुणे ग्रामीण पोलिस दल कोल्हापूर परिक्षेत्रात येतं, त्याला इंग्रजीत ‘कोल्हापूर रेंज’ म्हणतात. पेपरात वाचून ‘कोल्हापूरची रेंज इथं कशी?’ असं वाटलं असेल तर उत्तर हे.

गाण्यातही आहे. ‘काय रेंज आहे आवाजाला!’ म्हणजे मंद्र सप्तकापासून तार सप्तकापर्यंत गळा सहज फिरतो.

५. रिपोर्टमधली रेंज

हा शेवटचा अर्थ, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा.

गेल्या पावसाळ्यात मी पुण्यात होतो. संध्याकाळी आईचा फोन. पावसात, छत्री घेऊन, कातळावरून. म्हणाली, ‘अरे, माझ्या रक्ताला रेंज कमी आहे म्हणे.’

मी आधी हसलो. मग म्हणालो, ‘अगं, नीट वाच काय लिहिलंय.’ तिनं अडखळत वाचलं. हिमोग्लोबिन ९.८. शेजारी छापलं होतं, १२ ते १५. आणि फोन कट झाला. पुढचा अर्धा तास मी फोन लावत होतो आणि ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर होती.

रिपोर्टमध्ये आपल्या आकड्याशेजारी जी ‘रेफरन्स रेंज’ असते, ती बनते कशी? साधारणपणे निरोगी माणसांची तपासणी करतात आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे जिथून जिथपर्यंत येतात, ती रेंज धरतात. म्हणजे शंभरातली पाच निरोगी माणसंही तिच्या बाहेर पडतात. त्यामुळे आकडा थोडा बाहेर गेला म्हणून लगेच घाबरायचं नाही. पण उलटंही खरं आहे : सगळं ‘रेंजमध्ये’ आलं म्हणून त्रास होत असताना गप्प बसायचं नाही. रेंज लॅबप्रमाणे, वयाप्रमाणे, बाई की पुरुष याप्रमाणे बदलते. अर्थ लावायचं काम डॉक्टरांचं.

आईचा आकडा मात्र ‘थोडा बाहेर’ नव्हता. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं तर त्याला जागतिक आरोग्य संघटना ॲनिमिया म्हणते. आईला जिना चढताना दम लागायचा. ती म्हणायची, ‘वय झालं.’ वय नव्हतं झालं, लोह कमी होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चार महिन्यांनी आकडा बाराच्या वर आला. आता तीच कातळावर माझ्या आधी चढते.

म्हणून एक काम करा. आज घरी आई-बाबांचा, आजीचा शेवटचा रिपोर्ट काढा. शेजारची रेंज वाचा आणि त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा. बऱ्याच घरांत तो कागद देवाच्या फोटोमागे घडी करून ठेवलेला असतो, आणि इंग्रजी वाचता येणारे घरात फक्त आपणच असतो.

तुमच्याकडे ‘रेंज’ आणखी कुठल्या अर्थाने वापरतात ते व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. रेंज नसेल तर रेकॉर्ड करून ठेवा, मिळाली की आपोआप जाईल.

भेटू पुढच्या भागात. आता थांबतो, सात वाजायला आलेत. या वेळेला आई कातळावर असते.